विद्यापीठाची वारसा फेरी : इमारत भेटली, कुलगुरू निसटले

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी पुणे विद्यापीठाच्या आवारात निघणाऱ्या एका सशुल्क वारसा फेरीला मी माझ्या भाचीसह जाऊन आलो. माणशी शुल्क ४५० रुपये, मुदत तीन तास, मध्ये चहा-पोहे आणि शेवटी हाती एक सोळा पानी पुस्तिका, असा एकूण व्यवहार होता. ‘गव्हर्नरांचा बंगला आणि विद्यापीठ घडवणारे कुलगुरू’ या दोन्हींची ओळख करून देऊ, असे आश्वासन जाहिरातीत दिलेले होते आणि त्यातल्या दुसऱ्या अर्ध्यासाठीच मी पैसे भरले होते. फेरी काढणारी संस्था खासगी आहे, विद्यापीठाशी तिचा संबंध नाही. या लेखात तक्रारी बऱ्याच येणार आहेत आणि काम करणारी मुले तरुण व होतकरू आहेत, म्हणून संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुण्यात हल्ली अशा फेऱ्या काढणारे पुष्कळ झाले आहेत. जी कसोटी मी येथे लावली आहे ती वाचकांना अन्यत्रही लावून पाहता येईल.

व्यवस्थेबद्दल आधी थोडक्यात सांगतो. सातची वेळ दिली होती आणि सात वाजून पाच मिनिटांनी फेरी निघाली, हे पुण्याच्या रविवारी कौतुकास्पदच म्हटले पाहिजे. आम्ही बावीस जण होतो, आणि उघड्यावर बोलणाऱ्या एका माणसासाठी ही संख्या सात-आठने जास्त आहे. मार्गदर्शक मुलाच्या कमरेला एक छोटा स्पीकर होता. त्याची बॅटरी पाऊण तासातच मान टाकू लागली आणि पुढचे सारे निवेदन पहिल्या दोन रांगांपुरते उरले. पोहे गरम होते, चहा फारच गोड होता. मुख्य इमारतीच्या आतल्या सभागृहात जाण्याची परवानगी मात्र संयोजकांनी काढलेलीच नव्हती, आणि हे त्यांनी पैसे घेताना न सांगता दारापाशी पोहोचल्यावर सांगितले. ज्या फेरीचा अर्धा विषय इमारत आहे, त्या फेरीत माणसांना पोर्चमधून परत फिरवणे ही लहान चूक नव्हे.

असे असूनही इमारतीचा भाग चांगला झाला, हे कबूल करायला हवे. गणेशखिंडीतले हे गव्हर्नमेंट हाऊस जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून १८६४ साली बांधायला घेतले गेले आणि १८७१ साली पुरे झाले. ज्यांच्या हौसेने ते उभे राहिले ते गव्हर्नर सर बार्टल फ्रियर १८६७ मध्येच मुंबई सोडून गेले होते, म्हणजे वास्तुशांतीला यजमानच हजर नव्हते. खर्च अंदाजाच्या फार पुढे गेला आणि त्याबद्दल लंडनच्या पार्लमेंटात टीका झाली. मार्गदर्शक मुलाने हे सगळे नेटकेपणाने सांगितले. मनोऱ्याकडे बोट दाखवून तो नुसता थांबला नाही. इटालियन आणि गॉथिक धाटणीचे मिश्रण कोठे जमले आहे आणि कोठे नुसते चिकटवल्यासारखे दिसते, हे त्याने कमानी मोजून दाखवले. सकाळची उन्हे त्या वेळी मनोऱ्याच्या वरच्या तिसऱ्या भागावर होती आणि खालची दगडी कमान अजून सावलीत, ओलसर काळी दिसत होती. सगळ्या फेरीत सर्वांनी एकाच वेळी मोबाइल खाली ठेवले ते याच पाच मिनिटांत.

त्यानंतर मात्र गाडी घसरली. १८१७ च्या खडकीच्या लढाईला वीस मिनिटे, २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून याच बंगल्यातून निघालेल्या रँडवर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्यांना पंचवीस मिनिटे, आणि इमारतीखालच्या भुयाराला जवळपास तेवढीच. चापेकरांची हकीकत पुण्यात सांगावी तेवढी थोडीच, याबद्दल वाद नाही. पण ती ऐकण्यासाठी आलेल्या बावीस जणांपैकी निदान वीस जणांना ती तोंडपाठ असणार, याचाही विचार व्हायला हवा. भुयाराच्या बाबतीत तर माहिती थोडी आणि ‘असे म्हणतात की’ फार, असा प्रकार होता. घड्याळात सव्वानऊ वाजले तेव्हा विद्यापीठ स्थापन व्हायचे अजून बाकीच होते.

कुलगुरूंचा विषय निघाला तो पुस्तिकेतल्या एका चुकीमुळे. सहाव्या पानावर एका चौकटीत छायाचित्र आहे आणि खाली ठळक अक्षरांत ‘पुणे विद्यापीठाचे पहिले कुलपती बॅरिस्टर मुकुंदराव जयकर’ असे छापले आहे. आमच्या गटात नगरकडच्या एका महाविद्यालयातून परीक्षा विभागाचे काम करून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेऊन वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “अहो, जयकर कुलपती कसे होतील? कुलपती म्हणजे राज्यपाल. जयकर कुलगुरू होते.” मार्गदर्शक मुलगा गोंधळला. “काका, दोन्हीचा अर्थ एकच ना?” असे त्याने अगदी निरागसपणे विचारले. त्यावर काकांनी जे उत्तर दिले ते पुस्तिकेत छापण्याच्या लायकीचे होते : “तुमची पदवी घरी काढून बघा. खाली सही कुणाची आहे? कुलगुरूंची. कुलपतींची सही विद्यार्थ्याला कधी दिसत नाही, ती कुलगुरूंना दिसते.”

ही चूक कोठून आली असेल, याचा माझा तर्क असा की मजकूर हिंदीवरून उतरवलेला असावा. उत्तर भारतात विद्यापीठाचा कारभार चालवणाऱ्याला ‘कुलपति’ म्हणतात आणि त्याच्या वरच्या मानाच्या पदाला ‘कुलाधिपति’. मराठीत कुलपती वर आणि कुलगुरू प्रत्यक्ष कारभारात, अशी रचना आहे. पदवीप्रदान समारंभात अध्यक्षस्थान कुलपतींचे. नेमणूक करणारेही तेच. पण महाविद्यालयांची संलग्नता, परीक्षा, निकाल, विभागांची उभारणी आणि विद्यार्थ्यांचे मोर्चे या सगळ्याला तोंड देणारे ते कुलगुरू. माझ्या भाचीने तेथेच पेन काढून आपल्या प्रतीतला ‘पती’ खोडला आणि वर बारीक अक्षरांत ‘गुरू’ लिहिला. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुरुस्ती सुचवण्याची सवय त्या मुलांना लवकर लागते.

खरे तर या चुकीतून फेरीला तिचा सर्वांत चांगला धागा सापडला असता. ही वास्तू गव्हर्नरांची. १९४९ साली ती विद्यापीठाला मिळाली. पण विद्यापीठाच्या कायद्याने मुंबई प्रांताच्या गव्हर्नरालाच पदसिद्ध कुलपती केले होते, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर तो मान महाराष्ट्राच्या राज्यपालांकडे आला. म्हणजे ज्यांनी घर सोडले तेच कायद्याच्या दाराने घराचे वडीलधारे म्हणून परत आले. त्यांचे पुण्यातले राजभवन आजही विद्यापीठाच्या शेजारीच, गणेशखिंडीतच आहे. एवढे उघड डोळ्यांसमोर असताना आम्हांला भुयाराच्या अंधारात का फिरवले गेले, हे कळत नाही.

पहिले खरे कुलपती होते मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर राजा महाराजसिंग. त्यांच्याबद्दल पुस्तिकेत एक ओळही नाही, आणि ही फार मोठी संधी वाया गेली आहे, कारण या गृहस्थांनी नोव्हेंबर १९५० मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, राष्ट्रकुल संघाविरुद्ध आपल्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा प्रथम श्रेणीचा क्रिकेट सामना खेळला. जिम लेकरसारख्या गोलंदाजाने त्यांना बाद करेपर्यंत त्यांच्या चार धावा झाल्या होत्या. इतक्या उतारवयात प्रथम श्रेणीत पदार्पण करणारा दुसरा खेळाडू नाही. रविवारी सकाळी पायपीट करायला आलेल्या पुणेकरांना ही गोष्ट सांगितली असती तर कुलपती आणि कुलगुरू यांतला फरक त्यांना जन्मभर विसरता आला नसता. पुढे १९६२ ते १९६४ या काळात विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल म्हणून कुलपती होत्या आणि त्याच सुमाराला कुलगुरूपदी महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्षपद भूषवलेल्या बाई कुलपती आणि पगडीतले इतिहासकार कुलगुरू, हे चित्र नुसते डोळ्यांसमोर आणले तरी पुरे आहे. फेरीत तेही नव्हते.

आता जयकरांकडे येतो, कारण सव्वानऊनंतर त्यांच्या वाट्याला आलेली मिनिटे मी मोजली होती. ती अकरा भरली. त्यांतली चार मिनिटे छायाचित्र हातोहात फिरवण्यात गेली.

मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म १८७३ सालचा, घराणे मुंबईचे पाठारे प्रभू. बॅरिस्टर होऊन त्यांनी १९०५ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने पंजाबच्या अत्याचारांची चौकशी करण्यासाठी जी समिती नेमली तिच्यात गांधीजी आणि चित्तरंजन दास यांच्याबरोबर ते होते. नंतर स्वराज्य पक्षाकडून मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, आणि पुढे न. चिं. केळकर व डॉ. मुंजे यांच्याबरोबर प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकारला सरसकट विरोध न करता प्रसंग पाहून सहकार्य करण्याचा, मार्ग धरून त्या पक्षातून बाहेर पडले. १९३७ साली संघ न्यायालय स्थापन झाले तेव्हा पहिल्या तीन न्यायाधीशांत त्यांचा समावेश होता आणि त्यानंतर ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयावर, गेले. ही यादी पुस्तिकेत बव्हंशी आहे, आणि ती यादीच राहिली आहे. नोकरीच्या अर्जाला जोडावी तशी पदांची उतरंड वाचून दाखवली की माणूस मोठा वाटतो, पण तो विद्यापीठ कसे चालवील याचा अंदाज त्यातून येत नाही.

माझ्या मते तो अंदाज येरवड्यात येतो. १९३० च्या ऑगस्टमध्ये सविनय कायदेभंग ऐन भरात असताना तेजबहादूर सप्रू आणि जयकर हे दोघे व्हाइसरॉय आर्यविन आणि तुरुंगातले काँग्रेस नेते यांच्यात मध्यस्थी करत होते; त्यासाठी मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरूंना नैनीच्या तुरुंगातून येरवड्याला आणले गेले आणि गांधीजींसह तेथे बोलणी झाली. ती फिसकटली. तरी हे दोघे थांबले नाहीत आणि पुढच्या वर्षीच्या गांधी-आर्यविन कराराच्या वेळी पुन्हा मध्ये होते. १९३२ च्या सप्टेंबरमध्ये त्याच येरवड्यात गांधीजींचे उपोषण चालू असताना डॉ. आंबेडकर आणि हिंदू पुढारी यांच्यात पुणे करार झाला, त्यावरही जयकरांची सही आहे. विद्यापीठाच्या फाटकापासून येरवडा काही फार लांब नाही. ज्या माणसाने पुण्याला विद्यापीठ दिले त्याची खरी परीक्षा पुण्याच्याच तुरुंगात दोनदा झाली होती, हे सांगण्यासाठी फेरीला एक पाऊलही जास्त चालावे लागले नसते.

येथे भाचीने एक भर घातली, ती मला ठाऊक नव्हती असे नाही, पण त्या संदर्भात सुचली नव्हती. “मामा, उद्दिष्टांच्या ठरावावर यांचीच दुरुस्ती होती ना?” असे तिने विचारले. बरोबर होते. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, तेव्हा मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी सभेत आलेले नसताना तो मंजूर करण्याची घाई करू नये, अशी दुरुस्ती जयकरांनी मांडली. सभागृह त्यांच्यावर नाराज झाले. मात्र दुसऱ्याच दिवशी, १७ डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांनी आपल्या गाजलेल्या भाषणात त्या सूचनेमागच्या भूमिकेची बाजू घेतली. ठराव अखेर पुढे ढकलला गेला आणि जानेवारी १९४७ मध्ये मंजूर झाला. टाळ्या मिळत नसतानाही ‘जे आलेले नाहीत त्यांची वाट पाहू’ असे म्हणणे, हा स्वभाव राजकारणात तोट्याचा असतो. जेथे सरकार, शिक्षणसंस्था, प्राध्यापक आणि पालक असे चार जण चार दिशांना ओढत असतात, त्या संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठात मात्र पहिल्या कुलगुरूला याहून उपयोगी स्वभाव कोणता असू शकतो, हे मला सांगता येणार नाही.

त्यांच्या कारकिर्दीतला एक तुकडा तर पुणेकरांसाठी खास राखून ठेवावा असा आहे. १९२७ साली हिंदुस्थानातल्या रस्त्यांच्या विकासासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष जयकर होते, आणि आजही ती ‘जयकर समिती’ म्हणूनच ओळखली जाते. पेट्रोलवर अधिभार लावून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारावा, ही तिची शिफारस. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव परीक्षेपुरते तरी पाठ करावे लागते. ज्या चौकात पूल बांधून, तो २०२० मध्ये पाडून, तेथेच पुन्हा दुमजली पूल बांधण्याचे काम वर्षानुवर्षे चालले, त्या विद्यापीठ चौकाला लागून असलेल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू देशाच्या रस्ते समितीचे अध्यक्ष होते, या योगायोगावर तरी आमच्या मार्गदर्शकाने दोन मिनिटे खर्च करायला हवी होती. त्या चौकातून येताना आमच्यातले निम्मे लोक तसेही याच विषयावर बोलत होते.

विद्यापीठाची हकीकत सुरू होते ती १९४२ सालापासून. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे की नाही, याचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जयकरांकडे दिले. तोवर डेक्कन, फर्ग्युसन, स. प. ही महाविद्यालये, अभियांत्रिकीचे महाविद्यालय, विधी महाविद्यालय, सारी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. शिकायचे पुण्यात आणि निकालासाठी डोळे लावायचे मुंबईकडे. समितीने अनुकूल मत दिले, १९४८ साली कायदा झाला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ अस्तित्वात आले. ज्याने शिफारस केली त्याच्याच गळ्यात ती अमलात आणण्याची जबाबदारी पडावी, असे आपल्याकडे क्वचित घडते. अहवाल लिहिणारे वेगळे आणि निस्तरणारे वेगळे, ही आपली नेहमीची रीत. जयकरांच्या बाबतीत ती मोडली, आणि त्यांच्या नेतृत्वाचे मोल मला तेथे अधिक वाटते.

प्रारंभी कचेरी भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम अतिथिगृहात होती. १ जून १९४९ रोजी ती गणेशखिंडीच्या या इमारतीत आली, आणि त्यासाठी, तसेच भोवतालची ४११ एकरांची जागा मिळवून देण्यासाठी, प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री आणि शिक्षणमंत्री बाळासाहेब खेर यांनी खटपट केली. अधिकारक्षेत्र बारा जिल्ह्यांचे, पण संलग्न महाविद्यालये अठरा आणि विद्यार्थी सुमारे आठ हजार. पुढे १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाल्यावर जिल्हे पाच उरले, आणि १९९० साली जळगावचे विद्यापीठ झाल्यावर पुणे, नगर व नाशिक हे तीनच. जिल्हे कमी होत गेले तरी महाविद्यालये मात्र वाढतच गेली. हे आकडे पुस्तिकेत बरोबर दिलेले आहेत, त्याबद्दल संयोजकांना पुरे गुण.

मात्र एक गोष्ट त्यांनी ध्यानात घेतली नाही. विद्यापीठ स्थापन झाले त्या दिवशी जयकर ७५ वर्षांचे होते आणि १९५६ साली पद सोडताना ८२ वर्षांचे. त्यांच्यानंतर आलेले रँग्लर र. पु. परांजपे पद स्वीकारताना ८० वर्षांचे होते. आजच्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमानुसार कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची किंवा वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंतची, यांपैकी जे आधी येईल तेथपर्यंत असते, आणि त्याच व्यक्तीची पुन्हा नेमणूक होत नाही. म्हणजे पुणे विद्यापीठाचा पाया घालणाऱ्या पहिल्या दोघांचेही अर्ज आज छाननीतच बाद झाले असते. वयाची अट चुकीची आहे, असे मला म्हणायचे नाही. तरुण माणसाला दगदग सोसते आणि वयोवृद्ध माणसाच्या नावाखाली दुसरेच कोणी कारभार करण्याचा धोका असतोच. तरीसुद्धा सात वर्षांची मुदत मिळालेल्या जयकरांना जे उभारता आले, ते पाच वर्षांत, तेही निवड आणि सूत्रे घेण्यात जाणारा काळ वजा करून, कोणाला उभारता येईल का, हा प्रश्न त्या पोर्चमध्ये उभे राहून विचारण्यासारखा होता.

त्यांनी उभारलेल्यांपैकी सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे ग्रंथालय, आणि तेथेच फेरीने सर्वांत मोठा अन्याय केला. आज जयकरांचेच नाव असलेल्या या ग्रंथालयासमोर आम्ही नेमकी चार मिनिटे थांबलो, तीही मागे पडलेल्यांची वाट पाहण्यासाठी. विद्यापीठाकडे स्वतःचे वर्ग, स्वतःचे पदव्युत्तर विभाग आणि स्वतःची पुस्तके असल्याखेरीज ते परीक्षा घेणारी कचेरी होऊन बसते, ही जाण ज्याला होती त्याने ग्रंथालयाकडे सुरुवातीपासूनच लक्ष दिले. मी विद्यार्थी असताना या ग्रंथालयाच्या कार्डांच्या खणांपुढे उभा राहून पुष्कळ दुपारी काढल्या आहेत. तो खण पुरा ओढला की पितळी सळई टोकाशी अडखळे आणि हाताला झटका बसे. हवे ते कार्ड नेहमी त्या झटक्यानंतरच सापडायचे. मार्गदर्शक मुलाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण फेरीत माझ्या वयाचे सहा-सात जण होते, त्यांना एकेक आठवण सांगायला लावली असती तरी त्या चार मिनिटांचे सोने झाले असते.

नंतरच्या कुलगुरूंची नावे भरभर वाचली गेली. त्यांतल्या परांजप्यांना तरी थांबा द्यायला हवा होता : मुरडीसारख्या दापोलीजवळच्या खेड्यात जन्मलेला मुलगा १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला येऊन सीनियर रँग्लर होतो, तो मान मिळवणारा पहिला भारतीय ठरतो, परत येऊन फर्ग्युसनचा प्राचार्य होतो, मंत्री होतो, लखनौ विद्यापीठाचा कुलगुरू होतो, ऑस्ट्रेलियात भारताचा प्रतिनिधी म्हणून राहतो आणि ऐंशीव्या वर्षी पुन्हा पुण्यात येऊन खुर्चीवर बसतो. काकासाहेब गाडगीळ पदावर असतानाच जानेवारी १९६६ मध्ये वारले. धनंजयराव गाडगीळ वर्षभरातच नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होऊन दिल्लीला गेले. राम ताकवले येथले काम संपवून पुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, आणि विद्यापीठाच्या भिंतीबाहेर राहिलेल्यांपर्यंत शिक्षण नेण्याचे काम त्यांनी तेथे केले. वसंतराव गोवारीकर अवकाश संशोधनातून आणि मोसमी पावसाच्या अंदाजाच्या कामातून या पदावर आले. या प्रत्येकाचे एकेक वाक्य पुरले असते. आम्हांला मिळाली ती नावे आणि सालांच्या जोड्या.

सावित्रीबाई फुले यांच्या पुतळ्यापाशी मात्र गर्दी आपोआप थांबली आणि ती थांबावीच. २०१४ साली विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले, पुतळा २०२२ साली उभा राहिला. येथे निवेदन चांगले झाले, आणि दोन लहान मुलींनी पुतळ्याच्या चौथऱ्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला तो स्पीकरविनाही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

परतीच्या वाटेवर भाचीने मार्गदर्शकाला विचारले की आज कुलगुरू निवडतात कसे. त्याला सांगता आले नाही, पण त्याने तसे प्रामाणिकपणे कबूल केले, हे मला आवडले. उत्तर फार अवघड नाही. कुलपती म्हणजे राज्यपाल एक शोध समिती नेमतात, ती समिती किमान पाच नावांची शिफारस करते आणि त्यांतून कुलपती एकाची निवड करतात. डिसेंबर २०२१ मध्ये राज्य विधिमंडळाने एक दुरुस्ती विधेयक संमत केले होते. त्याप्रमाणे समितीच्या नावांतून राज्य सरकार दोन निवडून कुलपतींकडे पाठवणार होते आणि मंत्र्यांना प्र-कुलपतीचे पद मिळणार होते. सरकार बदलल्यावर ते मागे घेतले गेले. कुलपती आणि कुलगुरू यांच्यामध्ये तिसऱ्याने किती शिरावे, हा वाद अशा रीतीने अजून ताजा आहे, आणि म्हणूनच पुस्तिकेतली ती चूक मला नुसती छपाईची वाटली नाही. ज्या फेरीला या दोन पदांतला फरकच माहीत नाही, तिला विद्यापीठाचा कोणताही कुलगुरू समजावून सांगता येणार नाही.

एकूण हिशेब करता इमारतीसाठी मी पाचपैकी चार गुण देईन, कुलगुरूंसाठी दीड आणि पोह्यांसाठी साडेतीन. पुस्तिकेचा कागद चांगला आहे, छायाचित्रे स्पष्ट आहेत, पण मजकूर कोणा जाणत्याच्या नजरेखालून गेलेला नाही. पुण्यात नव्याने आलेल्या माणसाने ही फेरी जरूर करावी. विद्यापीठात शिकलेल्याने करायची असेल तर पुस्तिकेबरोबर पेन न्यावे. वयस्कर मंडळींनी घडीची काठी किंवा हलका स्टूल घेऊन जावा, कारण तीन तासांत बसायला जागा एकदाच मिळते. आवार मोठे आहे, चालणे सुमारे चार किलोमीटर होते आणि शेवटचा भाग उन्हाचा आहे.

घरी आल्यावर मी संयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले : सहाव्या पानाची चूक मान्य आहे, उरलेल्या प्रतींवर चिकटपट्टी लावू, आणि सभागृहाची परवानगी मिळाली नाही तर ते जाहिरातीतच लिहू. जयकर आणि ग्रंथालय एवढ्याच विषयावर वेगळी दीड तासाची फेरी काढावी, ही माझी सूचनाही त्यांनी विचारार्थ ठेवली आहे. ती निघाली तर पुन्हा ४५० रुपये भरायची माझी तयारी आहे. त्या काकांनाही बोलवा, एवढीच अट मी त्यांना कळवली आहे.